भोंग्याला रिलिव्हर नाही

सातपूरला शेखरशेठच्या वर्कशॉपमध्ये जेवणाचा भोंगा मी बनवला. आधी शेठ स्वतः बटण दाबायचे आणि रोज विसरायचे. मी प्रेसवर हेल्पर. चिप प्रोग्रॅम करायला यूट्यूबवर शिकलो, सर्टिफिकेट वगैरे काही नाही. शेठ म्हणाले, भोंगा नीट चालला तर तुला प्रेसवरून काढून इलेक्ट्रिक पॅनलच्या कामाला घेतो. नाही चालला तर हा विषय परत काढायचा नाही.

प्रोग्रॅम एवढाच. एक लांब भोंगा, म्हणजे जेवायला सुटा. अर्धा तास थांब. दोन छोटे, म्हणजे कामाला लागा. संपलं. लॅपटॉपवर चालवून बघितला. मस्त चालला आणि गप झाला.

पहिल्या दिवशी एक वाजता शेठनी स्विच टाकला, स्विच आणि चिप असलेल्या डबीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. सगळ्यांना सांगितलं, आजपासून भोंगा सांगेल तेच ऐकायचं. आणि माल घेऊन अंबडला गेले.

लांब भोंगा. डबे उघडले. अर्ध्या तासाने दोन छोटे. लोक उठले, हात धुतले. आणि लगेच परत लांब.

सगळे उभेच राहिले. खंडेराव आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांनी शेठच्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी होती. ते खाली बसले. मग बाकीचे बसले.

मी म्हटलं, काहीतरी चुकलंय, चला कामाला. पॅकिंगच्या लताबाई म्हणाल्या, "भोंग्याचं ऐकायचं सांगितलंय. तू शेठ झालास का?"

अर्ध्या तासाने परत दोन छोटे, परत लांब. दरवेळी सगळे शिस्तीत उठायचे, मशीनपर्यंत जायचे, शिस्तीत वळून यायचे. कुणी हसतसुद्धा नव्हतं. मी शेठना फोन लावतोय, शेठ उचलत नाहीत. तिसऱ्या जेवणाला खंडेरावांनी भेळ मागवली. मीही खाल्ली, खोटं कशाला बोलू.

शेठ आले तेव्हा लताबाई पाय पसरून शेंगा सोलत होत्या. शेठना वाटलं मी लोकांना सामील आहे, मुद्दाम केलंय. म्हणाले, उद्यापासून प्रेस, आणि लॅपटॉप घरी.

चूक मला तोपर्यंत सापडली होती, भेळ खाताखाता फोनवर. लॅपटॉपवर मेन फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा मुख्य भाग, संपलं की प्रोग्रॅम विंडोजच्या ताब्यात सगळं देऊन मोकळा होतो. चिपमध्ये विंडोज नाही. मेनच्या मागे कोणीच नाही. काही चिपा अशा वेळी गप्प थांबतात. माझ्या चिपचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, तिला परत सुरुवातीला पाठवतो. पण हे असं सांगितलं असतं तर शेठनी मलाही परत प्रेसवरच पाठवलं असतं.

म्हणून विचारलं, "शेठ, शिफ्ट संपली आणि रिलिव्हर आलाच नाही, तर ऑपरेटर काय करतो?"

"डबल शिफ्ट मारतो."

"या चिपला रिलिव्हरच नाही."

शेठ काही बोलणार तेवढ्यात दोन छोटे भोंगे वाजले. मग लांब.

"परत पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

शेठनी किल्ली काढली. मी प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ टाकली. ही काय करते, त्यांनी विचारलं. म्हटलं, काहीच नाही. स्विच बंद होईपर्यंत तिथल्या तिथे फिरत राहते, त्यामुळे मेन संपतच नाही.

"म्हणजे काही न करता नुसता उभा राहणारा एक लागतो." शेठनी खंडेरावांकडे बघितलं. "आधी सांगायचं ना. माझ्याकडे भरपूर आहेत."

दुसऱ्या दिवशी एकच जेवण झालं. दोन छोटे भोंगे, आणि शांतता. शेठ डबीसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, सोमवारपासून पॅनलला ये.

लोक मात्र माझ्याशी बोलेनात. लताबाईंनी लोणच्याची बरणी माझ्या पुढून उचलून नेली. संध्याकाळी गेटवर खंडेराव एकदम प्रेमाने माझ्या गाडीपाशी आले.

"ती तुझी रिकामी ओळ. चुकून पुसली जाते का रे कधी?"

मी म्हटलं, अहो, मी आता पॅनलला आहे.

"म्हणूनच तुला विचारतोय," खंडेराव म्हणाले.