वेलाला बांधलेले दुधी

ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोर 'हरित पोषण प्रतिष्ठान'चं ऑफिस आहे. मुरबाडपलीकडच्या आदिवासी ठाकरवाडीला पौष्टिक शेती शिकवायचं काम तिथल्या एसीत बसून चालतं. ठाकरांना भाजी पिकवायला शिकवणं म्हणजे माशाला पोहण्याचा क्लास लावणं. पण निधी क्लासला मिळतो, पोहण्याला नाही.

तरी संस्थेच्या हेमांगीताईंच्या हातून एक बरं काम व्हायच्या बेतात होतं. वाडीतल्या परसबागा पावसावर फुलायच्या आणि दिवाळीनंतर करपायच्या. मग पोरांच्या ताटात नुसता मीठ-भात. पुढच्या वर्षीच्या निधीतून झऱ्यावरून पाइप यायचा होता, आणि त्यासाठीच निधी देणाऱ्या कंपनीचे प्रीतम सर बाग बघायला येणार होते.

आदल्या दिवशी ताई वाडीत येऊन रखमाबाईंना म्हणाल्या, "तुमच्या वेलावरचा दुधी सर स्वतःच्या हातानं तोडतील. आपण फोटो काढू."

"नाय जमायचं ताई. नवं पीक देवाला दावल्याबिगर आमी हात लावत नाय. पूजा व्हायचीय अजून."

"अहो, एकच तर तोडायचाय!"

"मंग बाजारातला आणा. त्याला आमचा देव काय बोलायचा नाय."

रखमाबाई वैतागून बोलल्या होत्या. ताईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या बाजारातून गोणीभर दुधी आले आणि ऑफिसातली समीक्षा ते हिरव्या दोऱ्यानं वेलांना बांधत बसली.

"मॅडम, दुधीचा वेल भरला. आता उरलाय तो कारल्याचा."

"बांध गं. सरांना काय कळतंय!"

सरांना खरंच काही कळलं नाही. कारल्याच्या वेलावरचा दुधी तोडून त्यांनी फोटो काढले, रील केलं, चार दुधी 'ऑरगॅनिक' म्हणून गाडीत टाकले. मग कौतुकानं मांडवाकडे बघत म्हणाले, "पाइप नसताना एवढं पीक? वंडरफुल! मग पाइप हवाच कशाला? ही वाडी स्वयंपूर्ण झाली. पुढचा निधी आपण एखाद्या गरजू गावाला देऊ."

हेमांगीताईंनी मनातल्या मनात हिशेब केला. खरं सांगावं तर संस्था बुडणार, गप्प बसावं तर पाइप जाणार. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण संस्था त्यांची होती आणि पाइप वाडीचा. त्यांनीच पहिली टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी वाजवली.

तेवढ्यात रखमाबाई ओढ्यावरून हंडा घेऊन चढ चढून आल्या. धापा टाकतच त्यांनी विचारलं, "ताई, पाइपाचं काय झालं?"

"आधी टाळ्या वाजवा, रखमाबाई. सर बघतायत."

म्हणजे झालं वाटतं काम! रखमाबाईंनी हंडा खाली उतरवला, ओले हात पदराला पुसले आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.