तारनाक्याची झूलम्मा

मित्रांनो, बैलाच्या पाठीवर सुरू होऊन माणसाच्या पाठीवर येऊन पोचलेले आयुष्य तुम्ही कधी ऐकले नसेल. ते माझे आहे. मी एक जुनी झूल आहे.

चतुराबाईंनी मला लाल खारव्याच्या जाड कापडातून शिवले. काठाला कवड्या लावल्या, मधे गोल आरसे बसवले. नांदेडकडच्या त्यांच्या गावात पोळ्याच्या दिवशी मला चांद्या बैलाच्या पाठीवर घालत. चांद्या वेशीतून निघाला की माणसे आपोआप बाजूला होत. तो मान त्याचा होता, पण थोडा मीही घेत असे. खोटे कशाला सांगू?

पुढे चतुराबाईंच्या मुलाला, हिम्मतरावांना, हैदराबादेत रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली. घर तारनाक्याला आले. चांद्या गावी भावकीकडे राहिला आणि मी पेटीत बसून इकडे आले. पोळा यायचा आणि जायचा. दारात बैल नाही, मग झूल कोण काढणार? डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझे आरसे नुसता अंधार पाहत राहिले.

मला बाहेर काढले ते हिम्मतरावांच्या पत्नीमुळे, वंदनामुळे. घरासमोर रुंद रस्ता आहे आणि शाळा पलीकडे आहे. तळमजल्यावरची राणी दुसरीत शिकते. शाळेत जाताना एका मोटारसायकलने तिला उडवले. पाय मोडला. दुसऱ्याच दिवशी वंदना त्या रस्त्यावर गेली आणि मुलांना रस्ता पार करून देण्यासाठी हात वर करून उभी राहिली.

गाड्या थांबल्या नाहीत. थांबल्या त्या रिक्षा.

ती घरी येऊन सासूला सांगू लागली, "प्रत्येक जण विचारतो, किधर जाना अम्मा? मी म्हणते, मुझे नहीं जाना, बच्चों को जाना है. तर म्हणतो, फिर हात काय कू दिखाए?"

चतुराबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "नुसत्या बाईला कोण वाट देतंय गं? आमच्या चांद्याला सारं गाव वाट द्यायचं." आणि त्यांनी पेटी उघडली.

माझ्यावर कात्री चालली तेव्हा मी घाबरले होते. पण वंदनाने मला गळ्याशी बांधायला नाड्या लावल्या, डोक्यावर पिवळे हेल्मेट घातले, तोंडात शिट्टी धरली आणि आम्ही दोघी रस्त्यावर उतरलो. सकाळचे ऊन माझ्या आरशांवर पडले आणि गाड्यांच्या काचांवर नाचू लागले.

तेलंगणात सजवलेला बैल घेऊन दारोदार भिक्षा मागत फिरणारे लोक असतात. त्या बैलाला गंगिरेद्दु म्हणतात. तो दारी येणे शुभ मानतात. माझ्याकडे पाहून लोकांना वाटले, ही त्यांच्यातलीच बाई. कोणी गाडी थांबवून हात जोडले. एका म्हातारीने तर सुपातून तांदूळ आणले. एका मोटारसायकलवाल्याने विचारले, "अम्मा, बैल किधर है?"

"गाडी पे बैठा है," वंदना म्हणाली, "जरा उसको रोको, बच्चे जारें."

तो हसला, पण थांबला. लोकांची समजूत चुकीची होती, मुले मात्र सुखरूप पलीकडे जात होती. मुलांनी तिचे नाव ठेवले झूलम्मा. मित्रांनो, त्या दिवसांत मी जितकी ताठ पसरले, तितकी चांद्याच्या पाठीवरही कधी पसरले नव्हते.

हिम्मतरावांना हे सोसले नाही. कचेरीतला प्रशांत त्यांना सर्वांसमोर म्हणाला होता, "वहिनी तांदूळ मागतात म्हणे. घरी काही कमी आहे का?"

"उद्यापासून बंद," ते घरी येऊन म्हणाले. "माझी मान खाली जाते."

"अहो, लेकरांचे पाय मोडण्यापेक्षा तुमची मान खाली गेलेली बरी," वंदना म्हणाली.

त्यांनी मला पेटीत टाकले, कुलूप लावले आणि किल्ली खिशात घातली.

सकाळी वंदना तशीच साडीवर गेली. मी अंधारात पडून होते. थोड्या वेळाने कुलूप खडखडले. समोर हिम्मतराव होते. त्यांना दम लागला होता.

"काय झालं रे?" चतुराबाईंनी विचारले.

"बस स्टॉपवरून बघत होतो, आई. ती दोन लेकरांचे हात धरून रस्त्यात उभी आहे. कोणी थांबेना. एक गाडी तिच्या कोपराला घासून गेली. तिनं लेकरांचे हात सोडले नाहीत." त्यांनी मला बाहेर ओढले. "ह्या नाड्या कशा बांधतात, सांग."

चतुराबाईंनी आपल्या हाताने गाठ मारली. कचेरीच्या इस्त्रीच्या शर्टावर मी बसले. हिम्मतराव रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात पसरले. मी वाऱ्याने फुलले. गाड्या थांबल्या. पहिल्या रांगेत स्कूटरवर प्रशांतच होता.

"हिम्मतराव, हे काय सोंग?"

"झूल आहे. आमच्या चांद्याची," हिम्मतराव म्हणाले. त्यांची मान खाली नव्हती. "जरा थांब, लेकरं जाऊ देत."

वंदना मुलांना घेऊन माझ्या जवळून पलीकडे गेली. तिच्या कोपरातून रक्त येत होते आणि ती हसत होती.

आता सोमवार ते बुधवार वंदनाची पाळी, पुढचे दिवस हिम्मतरावांची. प्लास्टर निघाल्यावर राणीही आमच्यासमोरून शाळेत जाऊ लागली, थोडी लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. माझा रंग विटला आहे, दोन आरसे पडले आहेत. चतुराबाई रविवारी मला उन्हात घालतात आणि उसवले असेल तिथे टाके घालतात. ज्याच्याकडून काम घ्यायचे, त्याची निगाही राखायची असते. तुमच्याही घरात एखादी वस्तू बंद पेटीत असेल. तिला विचारून पाहा, तिच्या अंगात अजून काय काय शिल्लक आहे.

आणि मित्रांनो, रस्त्यात विचित्र वेशाचे माणूस लेकरांसाठी हात पसरून उभे दिसले, तर घरातल्या मोठ्यांना एवढे सांगा. हसायचे असेल तर खुशाल हसा, फक्त गाडी थांबवून हसा.