जिभेखालची गोळी

सत्यवतीचा त्या गोळीवर पहिल्यापासून विश्वास नव्हता. नशेच्या सुईने पोराचा दंड कुजवला, आणि इस्पितळवाले म्हणे ती ओढ दाबायला पुन्हा नशेच्याच जातीचं औषध देणार! असं कुठे असतं? गोव्याच्या हरमलात पर्यटकांना खोल्या देऊन तिने देशोदेशीचे लबाड पाहिले होते. कोण खोटं बोलतोय हे ती माणसाच्या चपला काढण्यावरून सांगायची. फक्त घरातलाच तेवढा तिला कळला नव्हता, आणि ते दुखणं तिने कुणाला दाखवलं नव्हतं.

डॉक्टरने बजावलं होतं, "विष रक्तात गेलंय. सलाइनमधलं औषध पुरं होईपर्यंत गौरेशला इथून हलू देऊ नका. मध्येच उठून गेला तर हात जाईल, जीवही जाऊ शकतो."

आणि गौरेश रोज दुपारी उठून जायच्याच गोष्टी करायचा.

सकाळी गोळी घेऊन नर्स सेजल यायची. सर्वण गावची मुलगी, बोलायला गोड. म्हणूनच सत्यवतीला जास्त संशय. गोळी जिभेखाली ठेवायला लावायची आणि खांबासारखी उभी राहायची.

"काय गो, माझो झील चोर काय? पहारो कित्याक?"

"पहारा नाही मावशी, नियम आहे."

"नियम तुझ्या घरी. आमच्या देवाचो येळ झालो. पडदो ओढ आणि भायर रव."

देवाचं नाव आल्यावर सेजल नाइलाजाने बाहेर व्हायची. मग सत्यवती पितळी वाटीत रवळनाथाचं तीर्थ ओतून गौरेशच्या तोंडाला लावायची. गोळीत जी काय खोट असेल ती देवाने धुवावी. तीर्थ थुंकायचं नसतं. गौरेश मुकाट घोट घ्यायचा.

दुपार झाली की त्याला घाम फुटायचा, नाकाला धार लागायची, पोटात पिळे पडायचे. "आये, माका सोड. माका जावचा आसा."

एकदा तर तो सलाइनची नळी उपसायला निघाला, पाय चपलांत गेले. सत्यवतीने चपला ओढून आपल्या पिशवीत कोंबल्या आणि तरातरा नर्सच्या टेबलापाशी गेली.

"खडूची गोळी देतंस ती! खरी खंय विकतंस?"

सेजल लाल झाली. "मीच तुम्हाला विचारणार होते. एवढ्या गोळीवर माणूस असा तळमळत नाही. तुमचा मुलगा ती तोंडातून काढून लपवतोय. डॉक्टरांच्या कानावर गेलं तर गोळीच बंद होईल."

"माझो झील?" असं ठसक्यात म्हणून सत्यवती परत आली, आणि तिने त्याची उशी उलटी केली, गादी उचलली, खिसे चाचपले. पोयी पावाच्या वाळल्या तुकड्याशिवाय काही निघालं नाही.

"तू पण, आये?" गौरेश म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

दुसऱ्या सकाळी सेजलने पडद्याला हातच लावू दिला नाही.

"नको तर नको. बघ तुझ्या डोळ्यांनी," म्हणत सत्यवतीने गोळीमागोमाग वाटी पुढे केली. सेजलने तिचं मनगट धरलं.

"हे रोज देता? गोळी तोंडात असताना?"

"मगे? देवाचा आसा."

"अहो, ही गोळी जिभेखाली विरघळली तरच लागू पडते. गिळली की जवळजवळ फुकट. त्यासाठीच मी उभी राहते!"

"मग आधी सांगूक तोंड शिवलेला तुझा?"

"आणि पडदा कुणी ओढायला लावला?"

सत्यवतीने मनगट सोडवून घेतलं. हातात भरलेली वाटी. पोराला देता येईना, ओतून टाकता येईना. तिने ती स्वतःच पिऊन टाकली.

दिवसभर ती गौरेशच्या अंगावर काटा येतो का ते बघत बसली. दुपार टळली. घाम फुटला नाही. तिन्हीसांजेला तो म्हणाला, "आये, पेज आसा?" तिने डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

पुढच्या सकाळी तीर्थ गोळीच्या बरंच आधी झालं. सेजल आली तेव्हा सत्यवती स्टूल ओढून, पोराच्या ओठांवर डोळे लावून बसली होती.

"कसं वाटतंय, गौरेश?"

"गो, त्याका बोलूक लावू नको! आधी विरघळू दी ती."

चपला मात्र अजून तिच्याच पिशवीत होत्या.