धानाच्या कोठ्याचे कुलूप

मी एक जुने लोखंडी कुलूप आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. विश्वास ठेवणारे कुलूप काय कामाचे?

कुंताबाईंच्या यजमानांनी मला मोहाडीच्या आठवडी बाजारातून आणले आणि धानाच्या कोठ्याला लावले. "या कुलपाच्या भरवशावर आमी निवांत झोपतो," असे कुंताबाई गावभर सांगत. माझी छाती फुगायची. पुढे मात्र तेलाचा थेंबही कुणी घातला नाही. मी आतून गंजत गेले.

यंदा नवे धान आले आणि मला काहीतरी काळेबेरे दिसू लागले. सून शालू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेतून आली की ती पिशवी घेऊन कोठ्यात शिरे आणि दार लोटून घेई. आत कुजबुज चाले. घरच्या बायका कधीमधी चोरून दुकानात धान विकतात, हे मला ठाऊक होते. कुंताबाईंना तर चांगलेच ठाऊक, तरुणपणी त्यांनीही ते केले होते! त्यांनी धानाच्या ढिगाभोवती राखेची रेघ ओढली. धानाला हात लागला की रेघ मोडते. मीही डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. मिळाले ते तेल तेवढेच.

एका रविवारी सकाळी शालू नवी साडी नेसून कोठ्यात शिरली. कुंताबाईंनी झटकन मला लावले आणि मुलाला हाक मारली, "ताराचंद, धाव! चोर सापडला!"

"आई, दार उघडा जी! भंडाऱ्याची बस जाते माझी!"

"धान घेऊन कुठी चालली वं?"

"धान नाही जी! आज टीईटी हाय माझी. आता जुन्या शिक्षकायलेबी द्या लागते. नापास झाली तं नोकरी जाते. पुस्तक अन् हॉल तिकीट इथंच लपवलं होतं."

"मंग लपवलं कायले?"

"बाईचीच परीक्षा हाय म्हणून शाळेतली पोरं हसतीन. अन् तुमीबी."

ताराचंदने खिडकीतून डोकावले. "माय, रेघ जशीच्या तशी हाय."

कुंताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी किल्ली घातली, पण रोज कशीबशी फिरणारी ती आज फिरेना. जन्मात पहिल्यांदा मला उघडावेसे वाटले, मित्रांनो, आणि गंजाने ते होऊ दिले नाही. तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. कुंताबाईंनी मुसळ उचलले आणि एका घावात मला तोडले. ताराचंदने शालूला मोटारसायकलवर बसवून पुढच्या थांब्यावर बस गाठून दिली.

निकाल अजून लागायचा आहे. शालू पुढच्या खेपेची तयारी सोडत नाही. आता कुंताबाई कोठ्याच्या उंबरठ्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावतात, "हळू बोला, सून अभ्यास करून राहिली!"

मी खिडकीत तुटून पडले आहे. दाराला नवे कुलूप नाही. माझा संशय अजून गेलेला नाही, रोज ढिगाकडे बघते. धान तेवढेच आहे.

मित्रांनो, कुलपाला वेळच्या वेळी तेल द्या. आणि कुणाला कोंडण्याआधी त्याला एकदा विचारा. प्रत्येक वेळी मुसळ हाताशी असतेच असे नाही.