नवलकोलाचं गाणं

रोस्विथा आलुबुखाराचा केक ओव्हनमध्ये सरकवत होती आणि रेडिओवर तिचा घटस्फोटित नवरा बोलत होता. कासेलजवळच्या त्यांच्या गावात वीस वर्षांपूर्वी चौघांनी मिळून 'व्हॅनिला फोर' नावाचा डिस्कोचा ग्रुप काढला होता. एकहार्ट चाली बांधायचा, रोस्विथा आणि आनेलोरे गायच्या, ड्रमवर जाडा गेरो. एके काळी त्यांच्या गाण्यांवर सगळा जर्मनी नाचला होता. आता रेडिओवाल्यांनी श्रोत्यांना विचारलं होतं, 'व्हॅनिला फोर'चं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं? फोन करा. जे पहिलं येईल ते उन्हाळी जत्रेत चौघंही पुन्हा एकत्र येऊन वाजवणार.

"'लिस्बनचा टेलिफोन'च येणार," एकहार्ट सांगत होता. "चालच तशी आहे. गायला काय, कुणीही गायलं असतं."

रोस्विथाने ओव्हनचं दार असं आपटलं की केक बसलाच.

तिने आनेलोरेला फोन लावला. आनेलोरेचं आता पार्लर होतं. "ऐकलंस, काय बोलला तो?"

"ऐकलं. माझ्याकडे चार बायका ड्रायरखाली बसल्यात, त्यांनीही ऐकलं."

"अगं, आपलं सगळ्यात टुकार गाणं कोणतं?"

आनेलोरे खिदळली. "नवलकोल!"

रेकॉर्डची दुसरी बाजू भरायला गाणं कमी पडत होतं, तेव्हा एकहार्टने सासूच्या स्वयंपाकघरात बसून ते खरडलं होतं. 'हे, हे, नवलकोल, हिरवा हिरवा गोल गोल.' त्याला त्या गाण्याची इतकी लाज वाटायची की पुढे मुलाखतीत कुणी विचारलं तर ते गेरोचं म्हणून सांगायचा.

दुसऱ्या दिवसापासून पार्लरमधून कुणी नवलकोलाला फोन केल्याशिवाय बाहेर पडेना. रोस्विथाने बोलिंगच्या क्लबातल्या मैत्रिणी गाठल्या, अग्निशमन दलाच्या पोरांना केक खाऊ घातला आणि वृद्धाश्रमात जाऊन आज्यांपुढे स्वतः ते गाणं नाचून दाखवलं. आज्यांनी फोनसमोर खुर्च्या मांडल्या.

नवलकोल पहिला आला. 'लिस्बनचा टेलिफोन' दुसरा.

एकहार्ट तडक तिच्या दारात. "हे तुझंच काम!"

"माझं? अरे, मी तर लिस्बनलाच मत दिलं." हे मात्र खरं होतं. गाणं तिला मनापासून आवडायचं. "लोकांची आवड, मी काय करणार?"

"मी नाही वाजवणार."

"नको वाजवूस. गेरोचंच आहे ना ते? गेरो वाजवेल."

तो पाय आपटत निघून गेला, पण जत्रेच्या दिवशी आला. जुना चंदेरी कोट पोटावर बसत नव्हता, म्हणून बटणं उघडीच. चौकात ही गर्दी! वृद्धाश्रमाच्या आज्या पुढच्या रांगेत, प्रत्येकीच्या हातात पाल्यासकट नवलकोल.

रेडिओची निवेदिका माइकवर म्हणाली, "फोन तर पुष्कळ आले. एका आजीबाईंनी तर लिस्बनसाठी रोज फोन केले. आवाज बारीक काढायच्या, पण मध्येच खोकला आला की एकदम पुरुषी व्हायच्या. एकहार्टसाहेब, तुमच्या ओळखीच्या आहेत का त्या?"

चौक खो खो हसला. एकहार्टचे कान बीटासारखे लाल. रोस्विथाला हसू आवरेना, आणि तेवढ्यात त्याने कीबोर्डवर सुरुवात केली. दोन पट्ट्या वर! तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. तो निरागसपणे आभाळाकडे बघत होता.

आता माघार कशी घेणार? ती गायली. पहिल्या कडव्याला निभावलं, पण शेवटच्या 'गोल गोल'ला आवाज जो फाटला, तो कोंबडं आरवल्यासारखा. मग पुढच्या रांगेतून आज्याच ओरडल्या, "हिरवा हिरवा गोल गोल!" सगळा चौक गाऊ लागला. नवलकोल हवेत नाचू लागले, एक तर गेरोच्या ड्रमवर येऊन दणकला.

टाळ्या थांबेनात. एकहार्टने हात उंचावून सांगितलं, "आता 'लिस्बनचा टेलिफोन'!" आणि डोळे मिटून आपली लाडकी चाल सुरू केली. रोस्विथा फार सुरेल गायली. पण त्याने डोळे उघडले तेव्हा निम्मी गर्दी बिअरच्या रांगेत होती.

"बघ," तो पुटपुटला, "लोकांना काही कळत नाही."

"मग काय करायचं?"

त्याने कोट काढून खुर्चीवर फेकला. "खालच्या पट्टीत देतो. ये."

आणि पहिला 'हे, हे' त्यानेच दिला, इतक्या जोरात की बिअरची रांग मोडून माणसं परत धावली.