पालटलेली चादर

मित्रांनो, पुढे सरकून बसा. कीर्तनाला बसतात तसे मांडीला मांडी लावून बसा, म्हणजे माझा विरलेला आवाज पोचेल. मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. एका लेकराच्या जिवाची गोष्ट सांगते.

मागावर माझे लाल आणि पांढरे धागे एकत्र विणले गेले. लाल वर आला की पांढरा खाली दडतो. म्हणून एका बाजूने मी लाल अंगावर पांढरी फुले, आणि पालटली की पांढऱ्या अंगावर लाल. सिद्धेश्वराच्या यात्रेत गुरुसिद्धप्पाने मला घरी आणले. त्याची आई काशम्मा कीर्तनाला जाताना मला बगलेत मारी. लाल बाजू वर ठेवून अंथरी आणि नातवाला मांडीवर घेई. आजोबांचेच नाव त्याला ठेवले होते, सिद्धाप्पा. बायका माझा रंग वाखाणीत. मीही फुगत असे.

चौऱ्याहत्तर सालची संक्रांत होती. पतंगापायी सिद्धाप्पा पत्र्यावरून पडला, मांडी चिरली. मला गुंडाळूनच त्याला दवाखान्यात नेले. मी भिजत होते आणि त्याची नखे पांढरी पडत होती.

आईबापांनी लगेच दंड पुढे केले. रक्त तपासणारा बाहेर आला. "बापाचं ए, आईचं बी, पोराचं ओ. दोघांचंही जुळत नाही."

पत्रिका जुळत नाही, एवढेच ऐकलेली ती माणसे; रक्ताचे नातेच जुळत नाही, असे त्यांना वाटले. काशम्माने सुनेकडे पाहिले. "नाव आज्याचं ठिवलंस, आन रक्त कुणाचं गं?"

"अव्वा, गप बस की," गुरुसिद्धप्पा म्हणाला. पण लेकराच्या कपाळावरचा हात त्याने काढून घेतला. तो हात निघालेला मी पाहिला.

डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या, "ओ रक्ताची बाटली इथं नाही. आजी, तुमचं तपासू."

"परक्याच्या लेकराला माझं रक्त? न्हाय जमायचं."

सून रुद्राणी रडली नाही. सासूला म्हणाली, "अत्ती, माझं काय करायचं ते उद्या करा. आज तेवढं बोट पुढं करा."

मग काशम्माने तोंड फिरवून बोट पुढे केले.

रक्त ओ निघाले. लेकराच्या रक्ताशी ताडून पाहिले, तेही जुळले.

काशम्माला लेकराशेजारच्या खाटेवर निजवून सुई लावता लावता बाईंनी माझा कोपरा पालटला. "आजी, हे बघा. प्रत्येकाला दोन धागे मिळतात, एक आईचा, एक बापाचा. ए नाहीतर बी असला तर तो वर दिसतो, ओ खाली झाकला जातो. तुमच्याजवळ द्यायला ओच होता, तो मुलाला दिलात. तुमच्या मालकांचा ए त्याच्यावर बसला. सुनेच्या बीखालीही तसाच ओ आहे. दोघांनी खालचा धागा दिला, म्हणून नातू ओ."

"म्हंजी माझाच धागा हाय व्हय त्यो?"

"तुमचाच."

मोकळ्या हाताने काशम्मा माझा पालटलेला कोपरा चाचपत राहिली. गुरुसिद्धप्पा खाली मान घालून लेकराच्या उशाशी जाऊन बसला.

सिद्धाप्पा वाचला. पुढच्या कीर्तनाला काशम्माने मला उलटी अंथरली. शेजारीण म्हणाली, "काशम्मा, चादर उलटी पडली की."

"हीच सुलटी हाय," ती म्हणाली, आणि सुनेला हाताला धरून माझ्यावर बसवले.

आता काशम्मा नाही. माझेही काठ उसवलेत. मित्रांनो, मला टाकून देऊ नका, दोन टाके घाला. आणि चादर झटकताना खालची बाजू दिसली, तर कोणाविषयी वाईट बोलण्याआधी त्या दिवशी दवाखान्यात उभ्या असलेल्या रुद्राणीची आठवण ठेवा.