काळ्या कागदातली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. जुनी म्हणजे गेल्या सोमवारची. आमच्या कुळात सोमवारची नळी शुक्रवारी पणजी होते. मी इतकी बारीक, की केसाच्या जाडीत आम्ही हजारो बहिणी शेजारी-शेजारी मावतो आणि वर भांडायलाही जागा उरते.

मला कुणी ठोकून-ठाकून घडवले नाही. प्रयोगशाळेतल्या ताईंनी कोमट पाण्यात सेंद्रिय रेणू सोडले, पाणी सावकाश निवू दिले आणि चटई गुंडाळावी तसे ते रेणू आपोआप गुंडाळले. झाला आमचा जन्म! पोटात औषध, पाठीवर चमकणारा रंग. कर्करोगाची गाठ शोधायची, चमकून ती दाखवायची आणि औषध तिथेच सांडायचे.

गाठ होती शिंपीकाकांच्या यकृतात. जुन्या औषधाने त्यांच्या डाव्या हाताची बोटे बधिर झाली होती.

"उजवा तरी वाचव, पोरी," ते ताईंना म्हणाले. "हातात सुई आहे का, हे डोळ्यांनी बघावं लागलं तर मी कसला शिंपी?"

आधी माझ्या थोरल्या बहिणी गेल्या, नुसत्या रंगाच्या, वाट तपासायला. पडद्यावर मिट्ट काळोख!

"नळ्या पोचल्याच नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून जुनंच औषध."

काकांनी उजवी मूठ घट्ट मिटली.

ताई ताडकन उठल्या. "थांबा! सकाळी मी त्या नळ्यांची कुपी दिव्याखाली धरून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले. रंग तिथेच उडाला. माझंच कौतुक नडलं!"

काका हसले. "मीही पहिला कोट दुकानाच्या काचेत टांगून असाच विटवला होता. चल, दुसरा शिव!"

मग आमची कुपी निघाली, काळ्या कागदात गुंडाळून. रक्तातले पांढरे पहारेकरी "कोण गं तू?" म्हणत धावले, मी घरचीच असल्यासारखी मान ताठ ठेवून पुढे सटकले. गाठ दिसताच बिलगले आणि चमकले.

"अगंबाई, काठसुद्धा दिसतोय!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. तोवर मी औषध सांडून मोकळी.

आता मी विरघळत चालले आहे. आज सकाळी काकांनी न बघता, उजव्या हाताने सुईत दोरा ओवला.

"ओवला गं, पोरी!"

मित्रांनो, नाजूक वस्तूंचे कौतुक पोटभर करा. फक्त आधी त्यांना नीट झाकून ठेवा.